नालीतली पळसाची डहाळी

चंद्रकला छातीपर्यंत मातीत होती आणि मुकादम दिसतच नव्हता. पाऊस धो धो कोसळत होता. आम्ही चौघी बाया गुडघ्यावर बसून हातांनी माती उकरत होतो. फावडं चालवता येत नव्हतं, तिच्याच अंगाला लागलं असतं. उकरलेल्या जागी वरून नवा चिखल येऊन बसत होता.

"मामी, वढू नोको. पाय अटकून हाय."

"गप राय. दम वाचव."

"मुकादम कुठी हाय?"

"मरू दे मुकादम."

"असं म्हनू नोको." ती थुंकली. तोंडात माती गेली होती. "मामी, डहाळी त्यानंच उपटली. म्या पायलं."

कोणती डहाळी ते मला कळलं. तुम्हाला कळायला आधी आमचं काम कळलं पाहिजे.

मी पार्बता. भंडाऱ्याकडे, करडी गावाच्या पलीकडे, आमच्या गावाला लागून मँगनीजची उघडी खाण आहे. आम्ही तिला खदान म्हणतो. मँगनीज म्हणजे काळा, जड दगड. तो पोलाद बनवायला लागतो. कोळशाच्या उघड्या खाणीसारखंच इथेही वरून खोदत खाली जायचं असतं. मी त्या खदानीत केस पिकेपर्यंत ठेक्यावर काम केलं. दगड फोडायचं नाही, उचलायचं नाही. आम्ही झाडवाल्या बाया, रोपं लावायची आणि नाली साफ ठेवायची. चंद्रकला, मी आणि आणखी तिघी. चंद्रकला माझ्याहून बरीच लहान. मला मामी म्हणायची. नातं काही नव्हतं.

खदान म्हणजे खड्डा हे सगळ्यांना माहीत असतं. पण खड्ड्यातून जे निघतं त्यातलं बहुतेक फेकायचंच असतं. ती माती, तो मुरूम बाजूला टाकत गेलं की त्याचा डोंगर होतो. त्याला डंप म्हणतात. सरकार खदानीला मंजुरी देतं तेव्हा अटी घालतं. डंपाचा उतार बेताचा ठेवा, त्याच्यावर झाडं लावा, पायथ्याला भिंत बांधा, भोवती नाली खोदा. डंपावरून वाहिलेलं घाण पाणी नालीतून टाकीत न्या, तिथे गाळ खाली बसू द्या, मग वरचं स्वच्छ पाणी ओढ्यात सोडा. रस्त्यावर पाणी मारा. धूळ मोजा. हे सगळं पाळलं जातं असं दाखवायचं काम आम्हा पाच जणींचं होतं. पाळायचं काम कोणाचं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी चौथी शिकले. अटी वाचता येण्यापुरतं ते पुरे होतं. फाटकाजवळच्या फळ्यावर त्या लिहिलेल्या होत्या. त्या फळ्यावर मात्र कधी धूळ बसू दिली नाही कोणी. आठवड्याला पुसायला लावायचे.

तपासणीवाले येणार हे आम्हाला साहेबांच्या आधी कळायचं. पाण्याचा टँकर सकाळपासून रस्त्यावर फिरायला लागला की समजायचं, उद्या कोणीतरी येतंय. एरवी त्या टँकरचा ड्रायव्हर आंब्याखाली झोपलेला असायचा. धूळ मोजायचं यंत्र रस्त्याच्या कडेला ठेवायचं असतं. ते उचलून साहेबांच्या बंगल्यामागे, फवाऱ्याच्या बाजूला जायचं. एकदा मी मुकादमाला विचारलं, "ताराचंद, यंत्राले उन्ह लागते का?"

"पार्बताबाई, तुमच्या तोंडाले कुलूप कोन लावन?"

"जो यंत्र उचलते त्यानंच लावाव."

ताराचंद आमच्याच गावचा. त्याच्या लग्नात मी पंगत वाढली आहे. माणूस कामाचा होता, धान रोवण्यात गावात पहिला. पण मुकादम झाल्यापासून त्याचं बोलणं दोन तऱ्हेचं झालं. गावात वेगळं, खदानीत वेगळं. असा माणूस खरं बोलतो तेव्हाही मी जपूनच ऐकते.

झाडांचंही तसंच. तपासणीच्या आदल्या दिवशी रोपांची गाडी यायची. खड्डे करायला वेळ नसायचा. पिशवीसकट रोप मातीत खोचायचं, भोवती आळं करायचं, की फोटोत जंगल दिसायचं. तपासणी झाली की तीच रोपं उपटून पुढच्या वेळेसाठी सावलीत ठेवायची. आम्ही एकाच सीताफळाला इतक्या वेळा लावलं की चंद्रकला त्याला जावई म्हणायची. "आले पाहुने, बसवा जावयाले," म्हणायची आणि फसकन हसायची.

एकदा तपासणीला एक तरुण मॅडम आल्या. बाकीचे साहेब चहाला थांबले, ह्या सरळ उतारावर आल्या आणि एक रोप धरून वर ओढलं. पिशवीसकट हातात आलं. मॅनेजर साहेब म्हणाले, बायांना शिकवलं तरी कळत नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पिशवी काढून लावायचं असतं, माहीत नव्हतं?"

"माहीत हाय. उद्या परत काढाव लागते ना, म्हनून ठेवली."

त्या हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं. महिनाभराने खरोखर खड्डे खोदायची मजुरी मंजूर झाली, म्हणून मी त्यांना चांगलं म्हणते. पण त्या परत कधी आल्या नाहीत. बदली झाली म्हणाले. चांगल्या माणसाची बदली इतक्या लवकर कशी होते, ते मला कोणी सांगावं.

त्या मजुरीतून आम्ही डंपाच्या जुन्या बाजूला करंज, शिसव आणि बांबू लावले. पिशव्या काढून लावले. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन जगवले. ते आजही उभे आहेत. ज्याला बघायचे असतील त्याने यावं. जुन्या बाजूचा डंप आजवर हलला नाही. जो हलला तो नव्या बाजूचा. तिकडे जावई होते.

आता नालीचं सांगते. ती नाली कंपनीने मनाने खोदली नाही. आधी डंपाचं काळं पाणी सरळ आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत यायचं आणि धान पिवळं पडायचं. मग खदान वाढवायची म्हणून जनसुनावणी झाली. मंडप, खुर्च्या, माईक, मागे जेवणाची कढई. गावातला कोणीही उठून काहीही म्हणाला की समोरून उत्तर यायचं, नोंद घेतली. शेवटी चंद्रकला उठली. माईक तिने उलटा धरला होता.

"नोंद घेतली, नोंद घेतली करून राहिले सायेब, नोंदीनं बांधीतलं पानी साफ होते का? नाली खोदा, नाई तर तुमचं जेवन आमी नाई जेवत."

आणि खरंच गाव जेवायला बसलं नाही. कढई तशीच राहिली. आमच्याकडे पाहुण्याने ताटावरून उठणं म्हणजे काय, ते साहेबांना नसेल कळलं. पण ताराचंदला कळलं, त्याने त्यांच्या कानात सांगितलं. त्या पावसाळ्याआधी नाली झाली. म्हणून चंद्रकला नालीला माझी नाली म्हणायची आणि तिच्यात काडी पडली तरी उतरून काढायची.

डंप हलला त्या वर्षी रोवणी झाल्यावर पावसाने दडी मारली. मग सरी सुरू झाल्या. पहिल्या सरीनंतर एका सकाळी आम्ही नव्या डंपाच्या मागच्या अंगाला गेलो, तर नालीत आडवा बांध. चांगला थापून घातलेला, मातीचा, आणि वर पळसाची डहाळी खोचलेली.

ही डहाळी आमच्याकडे कोणी परक्याने बघितली तर त्याला काही वाटणार नाही. पण आमच्या गावात तलावाचं पाणी पाळीने घेतात. ज्याची पाळी असेल तो धुऱ्याला, म्हणजे शेताच्या कडेला तोंड पाडतो, पाटात माती घालून पाणी आपल्या बांधीकडे वळवतो आणि त्या मातीत पळसाची डहाळी खोचतो. डहाळीचा अर्थ, हे पाणी माझं आहे, हात लावू नका. पानं माना टाकतात तेव्हा पाळी संपली. डहाळी ज्याने खोचली त्यानेच उपटायची. दुसऱ्याची डहाळी उपटणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. त्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

मी म्हटलं, "फोडा."

चंद्रकला म्हणाली, "पाळीचं पानी हाय मामी. वरच्या बांध्या अजून कोरड्याच हायेत. कोनाच्या तोंडचं कायले फोडायचं?"

"तुह्यीच नाली हाय ना?"

"म्हनून काय झालं. गावानं मागून घेतली, गावच पानी घेऊन राहिलं."

"घान पानी घेते का कोनी?"

"सुकल्या धानाले घान-बिन काही नसते."

बाकी तिघी तिच्याच बाजूच्या. मी एकटी. पण मी बांधाभोवती फिरून बघितलं. पाळीचा बांध असला की शेजारी धुऱ्याला तोंड पाडलेलं असतं, पाणी आपल्या बांधीत न्यायला. इथे तोंड कुठेच नव्हतं. पाणी अडवलं होतं, पण ते कोणी घेत नव्हतं. ते नुसतं डंपाच्या पायाशी साचत होतं.

मी त्याच दिवशी ताराचंदला सांगितलं, नालीत कोणीतरी बांध घातलाय. एरवी नालीत एखाद्या शेतकऱ्याने ढेकूळ टाकलं तरी हा माणूस त्याच्या सात पिढ्या काढायचा. त्या दिवशी विडी पेटवत म्हणाला, "राहू द्या बाई. गावाची पाळी आसन. उगीच भांडन नोको." कुठे बांध घातलाय, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तो विचारतो का, तेच मला बघायचं होतं.

मी मॅनेजर साहेबांच्या दाराशीही गेले. ते फोनवर होते. हाताने इशारा केला, मुकादमाला सांगा.

मग मी टाकीकडे गेले. टाकी काठोकाठ गाळाने भरलेली होती. उन्हाळ्यात उपसायची राहिली होती. नालीचं पाणी आलं असतं तर काळं पाणी टाकीवरून सरळ ओढ्यात गेलं असतं. आणि त्याच आठवड्यात तपासणी होती. पाणी न आल्यामुळे टाकीचं तोंड कोरडं होतं, स्वच्छ होतं. चुना मारला होता. फोटो चांगला आला असता.

पुढचे काही दिवस मी रोज जाता-येता ती डहाळी बघत होते. तिची पानं माना टाकत नव्हती. सरी येत होत्या, ऊनही पडत होतं, डहाळी हिरवीच. पाळी कधी संपतच नाही अशी कोणती पाळी? चंद्रकलेला दाखवलं तर म्हणाली, "पावसानं ताजी रायत आसन." "तोडलेली डहाळी पावसानं ताजी रायते का? तुह्या घरी भाजी रायते?" ती हसली, म्हणाली, "मामी, तू देवावरही संशय घेशीन." मी म्हटलं, देवाला डहाळी लागत नाही.

खोचणाऱ्याने चांगलं डोकं चालवलं होतं. नुसता बांध असता तर आम्ही तो पाहताक्षणी फोडला असता, तेच आमचं काम. डहाळी असल्यामुळे आमच्या गावची बाई त्याला हात लावणार नाही, हे बाहेरच्या साहेबाला सुचणार नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. थांबेचना. तरी रोपांची गाडी आली. आम्ही डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन नव्या डंपाच्या खालच्या उतारावर लावत होतो. चंद्रकला सगळ्यात खाली, भिंतीजवळ, नालीच्या बांधापासून थोड्याच अंतरावर. जावई तिच्याच हातात होता.

कापलेल्या धानाच्या ढिगाला, पुंजण्याला, खालून पाणी लागलं की वर कितीही झाका, ते एका बाजूने बसतं. डंपाचंही तेच. पायाला पाणी साचून साचून तो खालून लोणी झाला होता. जेवून परत आलो तेव्हा उताराला पोट आल्यासारखं वाटलं. मी पाय रोवला, तर टाच आत गेली आणि आतून पाणी वर आलं. मी ओरडले, "वरते चला! रोपं फेका, वरते चला!" तिघी निघाल्या. चंद्रकला हातातलं रोप खोचत होती.

ताराचंद रस्त्यावर छत्री घेऊन उभा होता. त्याने उताराकडे बघितलं. छत्री टाकली. आणि बाभळीमागच्या पायवाटेने सरळ बांधाकडे पळत सुटला. नाली डंपाच्या सगळ्या बाजूंनी फिरते. बांध कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी उतारावर होते, मला त्याची पाठ दिसत होती. पुढचं चंद्रकलेने पाहिलं आणि मला नंतर सांगितलं. त्याने तिला हाक मारली, फावडं आण. ती फावडं घेऊन गेली. डहाळी उपटून तो बांध खणू लागला, तीही लागली. एवढ्यात डंप आला.

आवाज मोठा होत नाही. ट्रक रिकामा करताना होतो तसाच, फक्त थांबत नाही.

चंद्रकलेला डंपाची नुसती कड लागली होती, म्हणून ती छातीपर्यंतच गेली. आम्ही उकरत राहिलो. पोकलेनवाला धावत आला, पण मी त्याला यंत्र जवळ आणू दिलं नाही. म्हटलं, पलीकडे मुकादम आहे, तिथे हळूहळू काढ. चंद्रकलेचा पाय भिंतीच्या निखळलेल्या दगडात होता. चौघींनी आणि दोन ट्रकवाल्यांनी मिळून तिला काढलं. बाहेर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "बांध फुटला का?"

"फुटला."

"मंग ठीक हाय."

पोकलेनवाल्याला ताराचंद भिंतीच्या आडोशाला सापडला. भिंत अर्धी पडली होती, अर्धी त्याच्यावर वाकून उभी होती. एक पाय चिरडला होता. श्वास चालू होता. दोघांना एकाच जीपमध्ये घातलं. मी चंद्रकलेचं डोकं मांडीवर घेतलं. भंडाऱ्याला बघितलं आणि नागपूरला न्या म्हणाले. नागपूरच्या रस्त्याला शहापूर मागे पडेपर्यंत ती बोलत होती. घरी कोंबड्या मोकळ्या आहेत म्हणाली. जावई कुठे गेला म्हणाली. ताराचंद शेजारीच पडलेला, डोळे मिटून. तो शुद्धीवर होता. हे मी खात्रीने सांगते, कारण तिने जावयाचं नाव काढलं तेव्हा त्याचे ओठ हलले.

चौकशी झाली. मोठे साहेब आले, आम्हा चौघींना बोलावलं. त्यांच्याकडे आधीच लिहून होतं की शेतकऱ्यांनी पाण्यासाठी नाली अडवली. डहाळीचा फोटोही होता. तो कोणी काढला आणि कधी, ते मी विचारलं. साहेबांनी पान उलटलं. मी सांगितलं, पाणी अडवलं पण कोणी घेतलं नाही. टाकी भरलेली होती. डहाळी रोज ताजी होती. आणि उपटली ताराचंदने, चंद्रकलेने मला सांगितलं.

"ती सांगू शकते का?" साहेबांनी विचारलं.

"नाई."

"मग हे ऐकीव झालं, बाई."

ते बरोबरच होतं. डंप अंगावर येत असताना कोणीही डहाळी उपटेल. तो पळत आला नसता तर ती फावडं घेऊन गेली नसती. आणि तो बांध फोडायला आला नसता तर कदाचित उतारावरच्या आम्ही चौघीही खाली गेलो असतो. मी हे सगळ्या बाजूंनी बघितलं आहे. कोणत्याही बाजूने बघितलं तरी डहाळी कोणी खोचली हे उरतंच.

मॅनेजर साहेबांची बदली झाली. गावावर नाव आलं ते आलंच. खदान काही दिवस बंद राहिली, मग नव्या अटींसह सुरू झाली. फळा मोठा केला. आता टाकी उन्हाळ्यात खरोखर उपसतात. मी काम सोडल्यावरही जाऊन बघून येते. फाटकावरचा माणूस अडवतो. मी म्हणते, माझी झाडं बघायला आले.

ताराचंद त्याच्या दाराशी बाजेवर बसलेला असतो, बाजूला कुबडी. मागच्या पोळ्याला मी थांबले.

"ताराचंद, येक इचारू?"

"इचारा."

"डहाळी कोनाची होती?"

तो समोरच्या बैलांकडे वळला. त्यांच्या शिंगांना रंग लावत होते.

"गावाची," तो म्हणाला.

"तू गावचाच हायेस ना?"

त्याच्या बायकोने चहा आणला. मी घेतला नाही, आणि न घेता उठले. ते त्याला कळलं असणार, कारण तो आमच्याच गावचा आहे.

त्या दिवशी डंपाच्या पायाशी आम्ही पाच बाया होतो आणि एक मुकादम. आम्ही चौघी जगलो. ताराचंद जगला.